विश्लेषण : ‘तुमचा आवाज नीट येत नाही’... घरच्या संगणकाच्या माइकचे नेमके बिघडते काय?

राहुरी म्हटले की ऊस, मुळा धरण आणि १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ. विद्यापीठामुळे तालुक्यात विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापकांची वर्दळ कायम असते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग, चर्चासत्रे आणि प्रशिक्षणे संगणकाच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, पण ही सवय राहिली. नोकरीची पहिली मुलाखत, शोधप्रबंधावरील चर्चा, पुण्याच्या कंपनीची रोजची बैठक, शेतकऱ्यांसाठीचा पीकसल्ला, परदेशातल्या मुलाशी रविवारचे बोलणे, असे बरेच काही आता घरातल्या लॅपटॉपसमोर बसून होते.

आणि यातल्या बहुतेक प्रसंगी एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘तुमचा आवाज नीट येत नाही.’ मग कोणी नवा हेडफोन आणतो, कोणी संगणक ‘फॉरमॅट’ करून घेतो, कोणी इंटरनेट कंपनीला फोन लावतो. बऱ्याचदा यातल्या कशाचीही गरज नसते. दोष कुठे आहे ते आधी ओळखले तर निम्म्याहून अधिक तक्रारी पैसा खर्च न करता मिटू शकतात. त्या कशा, याविषयी...

आवाज खराब आला तर खरोखर काय बिघडते?

बोलणे समजले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. संशोधन वेगळे सांगते. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांची तीच भाषणे आणि मुलाखती काही लोकांना स्वच्छ आवाजात, तर काहींना खराब आवाजात ऐकवल्या. खराब आवाज ऐकणाऱ्यांनी संशोधन कमी महत्त्वाचे आणि संशोधक कमी सक्षम ठरवला. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये याच धर्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शब्द नीट कळत असूनही, डब्यातून आल्यासारख्या आवाजाच्या उमेदवाराला नोकरीसाठी कमी पसंती मिळाली आणि त्याची विश्वासार्हताही कमी मानली गेली. म्हणजे तयारी उत्तम असली तरी माइक गुण कापू शकतो, आणि समोरच्यालाही ते कळत नाही.

मराठीत आणखी एक धोका आहे. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ या ध्वनींची ताकद वरच्या कंप्रतेत असते. ‘स’चा बराचसा भाग ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे. तुमच्या माइकने किंवा ब्लूटूथने वरचा पट्टा कापला, की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक पुसट होतो. गप्पांमध्ये हे चालून जाते. पण ऑनलाइन सल्ल्यात ‘दहा लिटर पाण्याला आठ मिली’ ऐवजी ‘साठ मिली’ ऐकू आले तर पीक जळू शकते. म्हणून आवाज कितीही चांगला असला तरी औषधाचे प्रमाण, खाते क्रमांक, तारीख हे आकडे दोनदा आणि फोडून सांगावेत : ‘साठ, म्हणजे सहावर शून्य.’

दोष माइकचा की इंटरनेटचा, हे कसे ओळखायचे?

ही पहिली पायरी आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. बैठकीत बसून ‘आता येतोय का आवाज?’ विचारत राहण्यापेक्षा संगणकावरच तीस सेकंदांचे रेकॉर्डिंग करा. विंडोज ११ मध्ये त्यासाठी ‘साउंड रेकॉर्डर’ हे अ‍ॅप असते, विंडोज १० मध्ये त्याचे नाव ‘व्हॉइस रेकॉर्डर’. रेकॉर्डिंगच्या वेळी पहिले पाच सेकंद गप्प राहा, नंतर नेहमीच्या आवाजात बोला. मग हेडफोन लावून ऐका. गप्प असतानाचा भाग खोलीतला आणि विजेचा गोंगाट सांगतो. बोलण्याचा भाग माइकची अवस्था सांगतो.

रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, पण बैठकीत तक्रार येते? मग माइक निर्दोष आहे. दोष इंटरनेटचा किंवा बैठकीच्या अ‍ॅपच्या सेटिंगचा. इंटरनेटचा दोष ओळखण्याची खूण म्हणजे शब्द मधूनच गायब होणे, आवाज यंत्रमानवासारखा होणे, अचानक भरभर बोलल्यासारखे वाटणे. अशा वेळी व्हिडिओ बंद करा. आवाजाला लागणारा डेटा चित्राच्या तुलनेत फारच थोडा असतो. चित्र थांबले की आवाजाला वाट मोकळी होते. घरात त्याच वेळी टीव्हीवर सिनेमा चालू असेल तर तो थांबवा, राउटरजवळ बसा, शक्य असेल तर राउटरची तार थेट संगणकाला लावा.

रेकॉर्डिंगच खराब आहे? मग इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. पुढचे मुद्दे तुमच्यासाठी आहेत. मात्र एक पथ्य पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा रेकॉर्ड करून ऐका. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

संगणक भलताच माइक तर ऐकत नाही ना?

हा सर्वात साधा आणि सर्वात जास्त आढळणारा घोटाळा. एका लॅपटॉपला एकाच वेळी तीन माइक असू शकतात : पडद्यावरच्या कॅमेऱ्याशेजारचा, हेडफोनचा आणि यूएसबी वेबकॅमचा. तुम्ही हेडफोनच्या माइकमध्ये बोलत असता आणि संगणक दोन हात लांबचा वेबकॅम ऐकत असतो.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टीम’, मग ‘साउंड’ उघडा. ‘इनपुट’ या भागात माइकची यादी दिसते. हवा तो निवडा. माइकवर हलकेच टिचकी मारा, शेजारची पट्टी उडी मारते का बघा. उडी मारली नाही तर संगणक दुसराच माइक ऐकतो आहे. त्यानंतर झूम, मीट किंवा टीम्सच्या ऑडिओ सेटिंगमध्येही तोच माइक निवडा, कारण या अ‍ॅपची निवड विंडोजपेक्षा वेगळी असू शकते. आवाज अजिबातच जात नसेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘मायक्रोफोन’ची परवानगी तपासा. ब्राउझरमधून बैठक असेल तर पत्त्याच्या पट्टीजवळचे माइकचे चिन्हही पाहा.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की साध्या सीपीयूमध्ये माइक नसतोच. तो बाहेरून लावावा लागतो. सीपीयूच्या मागे गुलाबी छिद्र माइकचे, हिरवे स्पीकरचे आणि निळे बाहेरून येणाऱ्या ऑडिओचे असते. मोबाइलच्या इअरफोनची पिन या छिद्रात घातली आणि माइक चालला नाही, तर इअरफोन बिघडलेला नसतो. मोबाइलच्या पिनवर तीन काळ्या रेघा आणि चार भाग असतात, त्यातला शेवटचा माइकचा. डेस्कटॉपच्या गुलाबी छिद्राला तीन भागांची पिन लागते. दोन्ही जुळवणारा, एका टोकाला दोन पिना असलेला ‘वाय’ जोड मोबाइलच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

लॅपटॉपच्या आतला माइक अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रामागे असतो. कॅमेरा झाकायची पट्टी, स्टिकर किंवा धूळ त्यावर आली की आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा येतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका. टाचणी खुपसू नका. आतला नाजूक पडदा फाटला की माइक कायमचा गेला.

आवाज बारीक आणि मागे खरखर. व्हॉल्यूम वाढवला तरी फरक का पडत नाही?

कारण व्हॉल्यूम वाढवला की आवाजाबरोबर खरखरही वाढते. इथे खरे औषध आहे अंतर. माइकपासूनचे अंतर निम्मे केले की मोकळ्या जागेत तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. पंखा आणि रस्ता मात्र माइकपासून तेवढ्याच अंतरावर राहतात. लॅपटॉपपासून ६० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाने १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतरावर माइक आणला, तर अंतर दोनदा निम्मे होते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने वर येतो. पंखा जिथल्या तिथे. हेच १२ डेसिबल सेटिंगमधून वाढवले तर पंखाही १२ डेसिबलने वाढेल. महागड्या माइकपेक्षा जवळचा साधा माइक का सरस ठरतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

राहुरीसारख्या गावात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा. नगर-मनमाड रस्ता गावातूनच जातो, त्यावर शिर्डीची वाहतूक असते. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात. शेजारी पाण्याची मोटार चालू असते. हा गोंगाट बंद करणे आपल्या हाती नाही. माइक तोंडाजवळ आणणे मात्र आहे.

तरीही आवाज लहान वाटत असेल तर सेटिंगकडे वळा. ‘साउंड’च्या पानावर खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, त्यात ‘रेकॉर्डिंग’, मग माइकचे ‘प्रॉपर्टीज’ आणि ‘लेव्हल्स’. काही संगणकांत इथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसतो. तो सहसा १०, २० किंवा ३० डेसिबलचा असतो. आधी शून्य ठेवा, गरज पडली तर १० करा. २० डेसिबल म्हणजे संकेत दहापट, ३० म्हणजे तीसपटीहून अधिक. एवढ्या वाढीत खरखर येणारच.

मोठ्याने बोलले की आवाज फाटतो, ‘फ’ आणि ‘भ’ला फटफट होते, ती का?

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले म्हणजे पातळी जास्त असणे. संगणकाला मोजता येणाऱ्या कमाल मर्यादेच्या वर आवाज गेला की लहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. एकदा कापलेला शेंडा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. नेहमीच्या बोलण्यात पट्टी दोन तृतीयांशपर्यंत जावी, हसताना किंवा जोरात बोलतानाही टोकाला टेकू नये, एवढी पातळी ठेवा.

दुसरे दुखणे हवेचे. मराठीत ख, घ, ठ, ढ, थ, ध, फ, भ असे महाप्राण भरपूर. ते उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. ‘भाऊ’, ‘फळबाग’, ‘खत’ म्हणताना हात तोंडासमोर धरून पाहा. हा झोत थेट माइकवर आदळला की ‘फट्’ असा आवाज येतो. उपाय सोपा आहे. माइक ओठांच्या समोर नको, ओठांच्या कडेला, दोन बोटे दूर आणि किंचित खाली ठेवा. माइकवरची स्पंजाची टोपी काढून टाकू नका. ती शोभेची नसून हाच झोत अडवण्यासाठी असते. कॉलरचा माइक असेल तर तो ओढणीला, पदराला किंवा मंगळसूत्राला घासणार नाही असा लावा. कपड्याची घसट अनेकदा ‘माइक खराब’ म्हणून खपते.

मागे सतत ‘घूं’ असा आवाज येतो, तो कुठून?

बहुतेक वेळा विजेतून. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्‌झची. तिची आणि तिच्या पटींची, म्हणजे १००, १५० हर्ट्‌झची गुणगुण माइकच्या कमकुवत संकेतात मिसळते. तपासणी एका मिनिटाची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर दोष चार्जर, प्लग किंवा घराच्या अर्थिंगचा आहे. महत्त्वाची मुलाखत असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर काढून बसणे, हा तात्पुरता पण पक्का उपाय.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की गुणगुण वाढते, असाही अनुभव येतो. स्वस्तातले अनेक इन्व्हर्टर गुळगुळीत साइन लहरीऐवजी चौकोनी लहर देतात. पंखेही तिच्यावर घुरघुरतात आणि तोच त्रास माइकला होतो. अशा वेळीही लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर यांच्याजवळून माइकची तार नेऊ नये. डेस्कटॉपवर पुढच्या छिद्रात गुणगुण येत असेल तर मागच्या छिद्रात पिन लावून पाहा. पुढच्या छिद्राची तार सीपीयूच्या आतून बरेच अंतर फिरून येते आणि वाटेत आतला गोंगाट उचलते. तरीही फरक पडला नाही तर लहानसे यूएसबी साउंड कार्ड लावता येते. ते माइकचा संकेत सीपीयूच्या बाहेरच आकड्यांत बदलते.

चार्जरच्या पत्र्याला किंवा सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्रश्न आवाजापुरता राहिलेला नाही. अर्थिंग नसल्याची किंवा तुटल्याची ती खूण असू शकते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडात घालून वापरणे थांबवा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या पद्धतीच्या, मीठ-कोळशाच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमकुवत होते. ही तपासणी स्वतः करू नये.

विहिरीत बोलल्यासारखा आवाज का येतो?

कारण माइकपर्यंत तुमचा आवाज दोनदा पोचतो. एकदा थेट, आणि एकदा भिंत, फरशी आणि पत्र्यावर आपटून. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, काचेच्या खिडक्या आणि मोकळी खोली, म्हणजे आवाज घुमायला पूर्ण मोकळीक. रंग देऊन सामान न लावलेल्या नव्या घरात टाळी वाजवली की हे लगेच कळते.

यावरचा उपाय सव्वाशे वर्षांपूर्वीच सापडला आहे. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, व्याख्यानगृहात मांडल्या आणि स्टॉपवॉच घेऊन आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. गाद्या वाढतील तसा आवाज लवकर विरत गेला. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया तिथे घातला गेला.

आपल्या घरात गाद्यांना तोटा नाही. लॅपटॉपमागच्या भिंतीवर किंवा दोरीवर गोधडी टाका, खाली सतरंजी अंथरा, पडदे ओढा. कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडे ठेवून त्याकडे तोंड करून बसले तरी फरक ऐकू येतो. स्वयंपाकघर आणि ओसरीपेक्षा गादी-पलंग असलेली खोली बरी. पत्र्याच्या घरात पावसाच्या दिवसांत गोधडीही पुरी पडणार नाही. पत्र्यावरचा पाऊस अडवण्याचा उपाय नाही, म्हणून त्या काळातली मुलाखत स्लॅबच्या घरात बसून देण्याची सोय आधीच करून ठेवावी.

समोरच्याला त्याचाच आवाज परत ऐकू येतो, चूक कोणाची?

इथे बहुतेकांची गफलत होते. ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. ज्याला तो ऐकू येत नाही, त्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरून परत जात असतो. म्हणजे सगळे तक्रार करत असतील आणि तुम्हाला एकट्याला सारे छान ऐकू येत असेल, तर दोषी तुम्हीच. स्पीकर बंद करून हेडफोन लावला की प्रश्न संपतो. एकाच खोलीत दोघे वेगवेगळ्या यंत्रांवरून त्याच बैठकीत असतील तर शिटी वाजते. अशा वेळी एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर चालू ठेवावा.

महागडे ब्लूटूथ इअरबड असूनही आवाज टेलिफोनसारखा का?

गाणी ऐकताना तेच इअरबड उत्तम वाजतात, बैठक सुरू झाली की दोन्हीकडचा आवाज एकदम दबतो. बिघाड नाही, ब्लूटूथची जुनी मर्यादा आहे. गाण्यांसाठी ब्लूटूथ एकाच दिशेने, भरपूर डेटा पाठवते. माइक सुरू झाला की ते दोन्ही दिशांच्या ‘हँड्‌स-फ्री’ पद्धतीवर जाते. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० घेतले जातात, तर साधा तारेचा माइक संगणकावर सहसा ४४,१०० किंवा ४८,००० नमुने देतो. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्‌झच्या वरचे काहीच मावत नाही, म्हणजे ‘साठ’मधला ‘स’ पहिला बळी जातो.

उपाय दोन. इअरबडने फक्त ऐका आणि इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा. किंवा महत्त्वाच्या कामासाठी तारेचा हेडफोन वापरा. नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीत ही मर्यादा कमी झाली आहे, पण त्यासाठी इअरबड आणि संगणक दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात.

‘नॉइज सप्रेशन’ चालू ठेवावे की बंद?

हे अ‍ॅप बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता, याचा अंदाज बांधून गोंगाट पुसते. पंखा, कूलर, वाहतूक यांवर ते चांगले काम करते. पण जोर लावला की शब्दांची टोकेही खाते. झूममध्ये याच्या पातळ्या असतात. सर्वात वरची पातळी लावूनही शब्द तुटत असतील तर एक पायरी खाली या. विंडोजचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ आणि अ‍ॅपचे सप्रेशन दोन्ही चालू असले तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यांपैकी एक बंद करा.

ऑनलाइन गायन किंवा हार्मोनियमचा वर्ग असेल तर नियम उलटा. तंबोऱ्याचा सलग सूर या यंत्रणेला पंख्यासारखाच गोंगाट वाटतो आणि ती तो पुसून टाकते. अशा वेळी झूममधील ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय सुरू करावा.

हे सर्व करूनही फरक नाही. आता नवा माइक घ्यावा का?

आधी संगणक एकदा बंद करून सुरू करा. विंडोजच्या अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ऑडिओचे ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येते, ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा तो पर्याय. नवे ड्रायव्हर हवे असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. माइक दुरुस्त करून देतो म्हणून फोनवरून एनीडेस्कसारखे अ‍ॅप टाकायला सांगणाऱ्याला संगणकाचा ताबा देऊ नका. त्या ताब्यात तुमचे बँक खातेही येते. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करा.

त्यानंतर तोच माइक दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही खराब असेल तरच नवा घ्या. घेताना आकारावर किंवा दिव्यांवर जाऊ नका. बोलण्यासाठी तारेचा यूएसबी हेडसेट किंवा कॉलरचा साधा माइक पुरतो. या स्वस्त माइकमागेही मोठा शोध आहे. बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रेट माइक बनवला, त्यामुळे चांगला माइक लहान आणि स्वस्त झाला. कॉलरच्या माइकमध्ये आजही सहसा हेच तंत्र असते. टेबलावरचे मोठे स्टुडिओ माइक उघड्या खोलीत घरभरचा गोंगाट गोळा करतात. आकाशवाणीच्या स्टुडिओत ते शोभतात, कारण तिथल्या भिंती आवाज शोषण्यासाठीच बनवलेल्या असतात.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी काय तपासावे?

- ज्या खोलीत, ज्या वेळी बसायचे आहे, तिथेच आणि त्याच वेळी तीस सेकंद रेकॉर्ड करून ऐका. सकाळी शांत असलेली खोली संध्याकाळी शांत असेलच असे नाही.
- विंडोज आणि बैठकीचे अ‍ॅप, दोन्हीकडे एकच माइक निवडलेला आहे याची खात्री करा.
- माइक तोंडापासून वीतभराच्या आत आणि ओठांच्या कडेला ठेवा.
- पंखा शक्य तर बंद, नाही तर कमी. कूलर बंद. खिडकी रस्त्याच्या बाजूची असेल तर लावून घ्या.
- बॅटरी पूर्ण भरा. चार्जरने गुणगुण येते का ते तपासून ठेवा.
- ओळखीच्या एका व्यक्तीला त्याच अ‍ॅपवर बोलावून आवाज ऐकवा. ‘ठीक आहे’ एवढे उत्तर पुरे मानू नका. तिला दहा आकडे सांगा आणि लिहून घ्यायला लावा. दहाच्या दहा बरोबर आले तर आवाज चांगला.
- मोबाइलवर तेच अ‍ॅप आणि बैठकीचा दुवा तयार ठेवा. तारेचा इअरफोन शेजारी असू द्या. ऐन वेळी संगणकाने दगा दिला तर ‘दोन मिनिटांत फोनवरून येतो’ असे सांगून शांतपणे पुढे जाता येते.

यातले शेवटचे काम बहुतेक जण विसरतात. माइक कधी रुसेल ते सांगता येत नाही, पण मुलाखत घेणारा पहिल्या पाच मिनिटांत आपले मत बनवत असतो. ती पाच मिनिटे ‘आता येतोय का आवाज?’ या प्रश्नात जाऊ नयेत, एवढ्यासाठी आदल्या दिवशीचा अर्धा तास पुरेसा आहे.